होडीच्या लाकडावरील पाण्याचे डाग : त्यांची परीक्षा व निर्मूलन

कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्यास होडी ही नांगर किंवा बैलगाडी यांच्याइतकीच गरजेची वस्तू आहे. खारजमिनीतील भाताचे भारे पैलतीरावर आणणे, पेंढा व खत वाहणे, नारळ-सुपारी बाजारास पोचविणे आणि सवडीच्या दिवसांत खाडीत जाळे टाकणे, ही सर्व कामे पुष्कळ गावी अद्यापही लाकडी होडीवरच चालतात. कोयना, उजनी यांसारख्या मोठ्या धरणांच्या जलाशयांत मासेमारी करणारी कुटुंबेही होडीवरच अवलंबून असतात. अलीकडे फायबरच्या होड्यांचा प्रसार बराच झाला असला, तरी ज्यांच्या दारी सागाची, फणसाची वा आंब्याची जुनी होडी आहे, त्यांना ती नीट राखणे हेच किफायतशीर ठरते. चांगले लाकूड आज सहजासहजी मिळत नाही आणि मिळाले तरी त्याची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची असते.

होडीस दरवर्षी तेलपाणी करण्याची किंवा नवा रंग देण्याची वेळ आली म्हणजे फळ्यांवर ठिकठिकाणी काळे, करडे अथवा पांढुरके डाग दिसतात. बहुतेक ठिकाणी या डागांकडे दुर्लक्ष करून त्यांवरच तेलाचा किंवा रंगाचा हात मारण्याची चाल आहे. ही चाल दोन कारणांनी घातक होय. एक तर डागाखाली राहिलेली ओल व क्षार यांमुळे नवा लेप वर्षाच्या आतच सुटू लागतो व केलेला खर्च वाया जातो. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, डाग हा पुष्कळदा आतील बिघाडाची पहिली खूण असतो. खिळ्याभोवतीचा काळा डाग रंगाखाली झाकून टाकला, तर आतला खिळा गंजून झिजला आहे हे कोणास कळत नाही, आणि ते भर खाडीत फळी सुटल्यावर कळून उपयोग नसतो. यास्तव डाग काढण्यापूर्वी तो कोणत्या जातीचा आहे, हे ओळखणे हे पहिले काम आहे.

डाग कसे पडतात

नुसत्या शुद्ध पाण्याने लाकडास काळा डाग पडत नाही. पाणी हे केवळ निमित्त होते. डाग पाडणारा पदार्थ निराळाच असतो.

बहुतेक लाकडांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य कमीअधिक प्रमाणात असते. ऐन, खैर, बाभूळ यांत ते पुष्कळ असते. सागातही ते काही अंशी आढळते. या द्रव्याचा ओल्या स्थितीत लोखंडाशी संबंध आला म्हणजे निळसर काळ्या रंगाचा पदार्थ तयार होतो. ही क्रिया आपल्याकडे फार पूर्वीपासून परिचित आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून जी काळी शाई करीत, ती याच क्रियेने होई. लोखंडी विळीवर आवळा चिरला असता पाते व फोड दोन्ही काळी पडतात, तेही याच कारणाने. होडीच्या फळीत लोखंडी खिळा असतो, लाकडात टॅनिन असते आणि पाण्याची उणीव मुळीच नसते. अशा रीतीने प्रत्येक खिळ्याभोवती जणू शाईच तयार होत राहते व ती लाकडाच्या रेषांबरोबर दूरवर पसरते.

करडा रंग येण्याचे कारण वेगळे आहे. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडाचे तंतू एकत्र बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य विघटित होते, पावसाने ते धुऊन जाते आणि वर तंतूंचा करडा थर उरतो. या थरावर सूक्ष्म बुरशी वाढून तो अधिकच मळकट दिसू लागतो. ज्या होड्या महिनोन्‌महिने उघड्यावर पालथ्या पडलेल्या असतात, त्यांच्या बुडावर हा रंग विशेषेकरून दिसतो.

पांढुरके डाग दोन प्रकारचे असतात. समुद्राचे पाणी सुकून मागे राहिलेले मीठ हा एक. आणि जुन्या व्हार्निशच्या थरात किंवा त्याच्या खाली ओल शिरल्याने व्हार्निश दुधाळ होणे, हा दुसरा. मिठाचा डाग निरुपद्रवी वाटतो, परंतु तसा तो नाही. समुद्रक्षार हवेतील ओल शोषून घेतात. त्यामुळे ज्या फळीत मीठ मुरले आहे, ती दमट हवेत कधीच पुरती वाळत नाही व तिच्यावर कोणताही लेप धरत नाही.

डागांची ओळख

वर सांगितलेले प्रकार डोळ्यांनी पाहून बरेचसे ओळखता येतात. तथापि काळ्या डागांच्या बाबतीत, तो लोखंडाचा आहे की बुरशीचा, हे नुसत्या दृष्टीने ठरविणे कठीण असते. त्याकरिता पुढील साधी परीक्षा करावी.

डागाचा थोडा भाग काचकागदाने घासून जुने तेल व रंग काढून टाकावा. तेथे ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून पाव तास थांबावे. डाग फिका पडला किंवा नाहीसा झाला, तर तो लोखंडाचा समजावा. काहीच फरक न पडल्यास दुसऱ्या जागी, पहिल्या जागेपासून निदान एक वीत अंतरावर, कपडे पांढरे करण्यासाठी मिळणाऱ्या क्लोरिनयुक्त द्रावणाचे दोन थेंब टाकून पाहावेत. त्याने डाग उडाला, तर तो बुरशीचा होय. दोन्हींनीही फरक पडला नाही, तर डाग लाकडात खोलवर गेलेला आहे, किंवा तो जुन्या तेलाचा अथवा डांबराचा आहे, असे समजावे. आंब्यासारख्या हलक्या लाकडात ताज्या ओंडक्यातच शिरलेली निळी बुरशी पुष्कळदा फळीच्या गाभ्यापर्यंत पोचलेली असते; तिचा रंग वरवरच्या उपायाने जात नाही. या बुरशीने लाकडाची ताकद विशेष कमी होत नाही. मात्र लाकूड पुष्कळ काळ ओले राहिले होते, याची ती खूण असल्याने पुढील परीक्षा तेथे अवश्य करावी.

डाग आहे की कूज?

ही परीक्षा टाळून पुढील कोणतेही काम करू नये. डाग पडलेल्या प्रत्येक जागी बारीक टोकदार सुरी किंवा आरी लाकडात टोचावी व हलकेच उचकटून पाहावे. निकोप लाकूड विरोध करते व त्याची लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात सुरी सहज शिरते आणि ढलपी आखूड, भुसभुशीत तुटते. लाकडी हातोड्याने ठोकून पाहिल्यास निकोप फळीचा आवाज स्वच्छ येतो; कुजलेल्या फळीचा आवाज बद्द येतो.

काठाच्या पट्टीखालचा भाग, फळ्यांची टोके, नाळेजवळचा कोपरा आणि आतील आडव्या लाकडांच्या बुडाशी जेथे पावसाचे पाणी साचते ती जागा, या चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. येथे एक गोष्ट समजून घेणे जरूर आहे. समुद्राचे खारे पाणी लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी मात्र तिला पोषक असते. म्हणूनच खाडीत तरंगणाऱ्या होडीपेक्षा, ओढून ठेवलेल्या होडीत पावसाचे पाणी साचू दिले असता ती अधिक लवकर कुजते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिले, तर कूज सुरू होत नाही. होडीच्या निगेचे सर्व मर्म या एका आकड्यात आहे.

खिळ्याभोवती रुंद काळा डाग दिसल्यास त्यांपैकी एक-दोन खिळे उपटून पाहावेत. डोके व टोक शाबूत असून दोन लाकडांच्या सांध्यापाशी खिळा कमरेत बारीक झालेला आढळला, तर त्या ओळीतील इतर खिळ्यांचीही तीच गत झाली असण्याचा संभव असतो. अशा वेळी डाग काढण्याच्या भानगडीत न पडता प्रथम सुताराकडून खिळे बदलून घ्यावेत. नवे खिळे जस्ताचा मुलामा दिलेले किंवा तांब्याचे असावेत. मात्र एकाच सांध्यात तांबे व लोखंड एकत्र वापरू नये. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सान्निध्याने लोखंड फारच झपाट्याने झिजते. कुजलेला भागही कापून काढून तेथे निकोप लाकडाचा तुकडा बसवावा. कुजक्या फळीवर डाग घालविण्याचा कोणताही उपाय करणे व्यर्थ आहे.

कामास योग्य काळ

डाग काढताना लाकूड पुन्हा ओले करावे लागते व लेप देण्यापूर्वी ते पुरते वाळवावे लागते. या दृष्टीने फाल्गुनापासून वैशाखाच्या मध्यापर्यंतचा काळ कोकणात उत्तम होय. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असता लाकडातील पाणी १३ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. हीच आर्द्रता पावसाळ्यात ९० टक्क्यांवर गेली म्हणजे छपराखाली ठेवलेल्या लाकडातही पाणी २० टक्क्यांपर्यंत चढते. ज्यांची होडी पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळातच मोकळी होते, त्यांनी डाग काढण्याचे व खिळे बदलण्याचे काम मृग लागण्यापूर्वी उरकून घ्यावे. ते न जमल्यास पावसाळ्यात केवळ तेलाचा हात देऊन नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटावी आणि रंग-व्हार्निशाचे काम भातकापणीनंतरच्या कोरड्या दिवसांवर ठेवावे. दमट हवेत घाईने दिलेले व्हार्निश टिकत नाही.

साहित्य

ऑक्झॅलिक आम्ल हे पांढऱ्या खड्यांच्या स्वरूपात रसायनांच्या दुकानी मिळते. याखेरीज खाण्याचा सोडा, साधा साबण, काथ्याचा किंवा नायलॉनचा कुंचला, प्लॅस्टिकची बादली, जुने सुती फडके, जाडा व बारीक काचकागद, रबरी हातमोजे, डोळ्यांवर लावावयाचा चष्मा आणि नाका-तोंडावर बांधण्याची धूळरोधक मुखपट्टी एवढे साहित्य जवळ असावे.

लोखंडी बादली, तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या या कामी मुळीच वापरू नये. त्यांचे बारीक कण लाकडात रुतून बसतात व काही दिवसांनी तेथे नवे काळे ठिपके उमटतात. धुण्याचे पाणीही लोहयुक्त नसावे. ज्या विहिरीच्या पाण्याने भांड्यांवर तांबूस थर बसतो, ते पाणी टाळून दुसरे गोडे पाणी आणावे.

कृती

१. धुणे. होडी सावलीत, दोन लाकडांवर जमिनीपासून उंच ठेवून आतून-बाहेरून गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावी. चिकटलेले शिंपले व शेवाळ लाकडी पट्टीने खरवडून काढावे. साबणाचे पाणी व काथ्याचा कुंचला यांनी घासताना कुंचला लाकडाच्या रेषांना आडवा, हलक्या हाताने चालवावा. रेषांबरोबर जोराने घासल्यास दोन रेषांमधील मऊ भाग निघून जातो व फळी खरबरीत होते. एवढ्यानेच मीठ व पुष्कळसा करडा रंग निघून जातो. धुतलेली फळी वाळल्यावर पुन्हा पांढरी खर दिसली, तर धुणे अपुरे झाले असे समजून ते पुन्हा करावे.

२. जुना लेप काढणे. ज्या भागावर आम्लाचे द्रावण लावावयाचे आहे, तेथील व्हार्निश, रंग व तेलाचा थर खरवडून व काचकागदाने घासून पूर्णपणे काढावा. तेलकट लाकडात द्रावण शिरत नाही आणि डाग तसाच राहतो. व्हार्निश केवळ दुधाळ झाले असेल व खालचे लाकूड निकोप रंगाचे असेल, तर हा थर काढला म्हणजेच काम झाले. तेथे आम्लाची जरुरी नाही.

३. बुरशीचा डाग. परीक्षेत बुरशी ठरली असल्यास क्लोरिनयुक्त द्रावण तिप्पट पाण्यात मिसळून डागावर लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन काढावे व लाकूड वाळू द्यावे. हे द्रावण वारंवार किंवा फार वेळ लावू नये. त्याने लाकडाचे तंतू खराब होतात. ज्या जागी हा उपाय केला आहे, तेथे त्याच दिवशी आम्ल कदापि लावू नये. क्लोरिनयुक्त द्रावण व आम्ल यांचा संयोग झाला असता विषारी क्लोरिन वायू सुटतो व श्वासोच्छ्वासास गंभीर अपाय होतो. ही दोन द्रव्ये एकाच बादलीत वा एकाच फडक्याने वापरू नयेत.

४. लोखंडाचा डाग. एक लिटर कढत पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन त्यात ६० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल हळूहळू टाकावे व लाकडी काठीने ढवळून विरघळवावे. पाण्यात आम्ल टाकावे. आम्लावर पाणी ओतू नये. हे द्रावण कोमट असतानाच कुंचल्याने लावावे. द्रावण केवळ डागावर न लावता त्या फळीच्या एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत सर्वत्र सारखे लावावे. अन्यथा डाग जातो, परंतु त्याच्या जागी फिकट वर्तुळ उमटते. वीस ते तीस मिनिटे फळी ओली राहील अशा बेताने द्रावण पुन्हा पुन्हा लावीत जावे, ते सुकू देऊ नये. काळा रंग हळूहळू ओसरताना दिसतो. आम्ल हे डागातील लोखंडाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारा पदार्थ बनविते आणि तो पुढील धुण्यात निघून जातो.

एका वेळी डाग पुरता न गेल्यास फळी धुऊन दुसऱ्या दिवशी हीच कृती पुन्हा करावी. जुन्या, चिवट डागांसाठी आम्लाचे प्रमाण लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत वाढविता येते. त्याहून अधिक वाढविण्यात लाभ नाही. दोन-तीन वेळा करूनही राहिलेला डाग खोल गेलेला असतो. तो घालविण्यासाठी फळी घासून पातळ करण्यापेक्षा तेथे अपारदर्शक रंग देणे शहाणपणाचे होय. ताज्या व हलक्या डागांवर लिंबाचा रस काहीसा उपयोगी पडतो, पण जुन्या डागांवर त्याचा प्रभाव फारसा पडत नाही.

५. आम्ल धुऊन काढणे. भरपूर गोड्या पाण्याने फळी निदान तीन वेळा धुवावी. नंतर एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी फळीवर फिरवावे. आम्ल शिल्लक असल्यास बारीक फेस येतो. फेस येणे थांबेपर्यंत सोड्याचे पाणी लावावे व शेवटी पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. येथे धुण्याचा तीव्र सोडा किंवा चुना वापरू नये. तीव्र क्षाराने टॅनिनयुक्त लाकूड पुन्हा काळवंडते. आम्लाचा अंश लाकडात राहिला, तर वाळल्यावर त्याची पांढरी भुकटी वर येते, लेप धरत नाही आणि घासताना तीच भुकटी नाकातोंडात जाते.

६. वाळविणे व घासणे. होडी सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावी. वैशाखातील कडक उन्हात उघडी ठेवल्यास फळ्या आकसून सांधे उघडतात व टोकांस चिरा पडतात. लाकूड वाळल्यावर त्याचे तंतू उभे राहून पृष्ठभाग खरबरीत लागतो. तो प्रथम मध्यम व नंतर बारीक काचकागदाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून गुळगुळीत करावा. या वेळी मुखपट्टी बांधलेली असावी.

वाळल्याची परीक्षा

लाकूड हातास कोरडे लागले म्हणजे ते आतून वाळले असे नव्हे. प्लॅस्टिकचा एक वीतभर चौकोनी तुकडा घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने फळीवर घट्ट बसवाव्यात व एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस दव धरलेले दिसले, किंवा झाकलेली जागा आजूबाजूपेक्षा काळसर वाटली, तर लाकूड अद्याप ओले आहे. तेव्हा आणखी तीन-चार दिवस थांबून परीक्षा पुन्हा करावी. नाळेजवळ व बुडाशी, जेथे लाकूड जाड आहे, तेथे ही परीक्षा अवश्य करावी.

नवा लेप

पाण्याखाली राहणाऱ्या भागास पारदर्शक व्हार्निश उपयोगी नाही. तेथील सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठोकून बसवावा व त्यावर राळ व तेल यांचा नेहमीचा लेप द्यावा. पाण्यावरील बाजू व होडीचा आतील भाग यांस तेल, रंग किंवा व्हार्निश यांपैकी काहीही देता येते.

तेल द्यावयाचे असल्यास जवसाचे पक्के तेल, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, निम्म्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून पहिला हात द्यावा, म्हणजे ते खोल मुरते. ते सुकल्यावर दुसरा हात कमी टर्पेंटाइनचा व तिसरा निव्वळ तेलाचा द्यावा. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून घ्यावे; न पुसल्यास ते चिकट राहते व त्यावर धूळ आणि बुरशी बसते. फळ्यांच्या कापलेल्या टोकांस एक हात जास्त द्यावा, कारण लाकूड टोकाकडून सर्वांत अधिक पाणी पिते.

व्हार्निश द्यावयाचे असल्यास ते होड्यांसाठी मुद्दाम बनविलेले, ऊन सोसणारे असावे. घरातील लाकडी सामानाचे व्हार्निश होडीवर टिकत नाही. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा. त्यानंतर एक-एक दिवसाच्या अंतराने, मध्ये बारीक काचकागद फिरवून, एकूण पाच हात तरी द्यावेत. सकाळी दव ओसरल्यावर काम सुरू करून दुपार टळण्यापूर्वी संपवावे, म्हणजे रात्रीच्या दवापूर्वी थर सुकतो.

तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता उत्पन्न होते व अशी फडकी आपोआप पेट घेतात. होडीवर चुडतांच्या झापांचे छप्पर असल्यास त्यापासून मोठी हानी होण्याचा धोका आहे. वापरलेली फडकी उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून मग टाकावी.

आम्ल हाताळताना घ्यावयाची दक्षता

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. चुक्यासारख्या आंबट भाज्यांत ते अल्प प्रमाणात असते, यावरून त्यास निरुपद्रवी समजू नये. काही ग्रॅम पोटात गेल्यास प्राणावर बेतते. ते साखर, मीठ किंवा सोडा यांसारखेच पांढरे दिसत असल्याने स्वयंपाकघरात अथवा खाण्याच्या डब्यात कधीही ठेवू नये. मूळ पुडीवर ठळक अक्षरांत विष असे लिहून ती कुलुपात ठेवावी. काम करताना हातमोजे व चष्मा घालावा, मुले व गुरे दूर ठेवावी. द्रावण डोळ्यांत गेल्यास निदान पाव तास स्वच्छ पाण्याची धार धरावी व डॉक्टरांकडे जावे. पोटात गेल्यास रोग्यास मुद्दाम ओकारी न करविता विनाविलंब दवाखान्यात न्यावे व पुडी बरोबर न्यावी.

उरलेले द्रावण विहिरीजवळ, पाणवठ्यावर किंवा खाडीत ओतू नये. त्यात भिजविलेला चुना थोडाथोडा घालावा. त्यामुळे आम्लाचा न विरघळणारा साका तळाशी बसतो. हे सर्व गुरे न जाणाऱ्या जागी खड्डा करून पुरावे.

डाग पुन्हा पडू नयेत म्हणून

डाग काढण्यापेक्षा तो पडू न देणे सोपे व स्वस्त असते. खिळ्यांची डोकी फळीत किंचित खोल बसवून त्यांवर लांबी भरावी, म्हणजे लोखंडास पाणी पोचत नाही. लोखंडी नांगर, साखळी, कोयता अथवा डबे ओल्या फळीवर पडून राहू देऊ नयेत. त्यांच्याखाली गोणपाट नव्हे, तर लाकडी फळकूट ठेवावे, कारण गोणपाट ओल धरून ठेवते. होडीतील पाणी रोज उपसावे व आठवड्यातून एकदा आतला भाग गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा. पावसाळ्यात होडी छपराखाली उंच लाकडांवर ठेवावी आणि दोन्ही बाजू मोकळ्या सोडून वारा खेळता ठेवावा. प्लॅस्टिकचा कागद तिच्यावर घट्ट गुंडाळू नये. त्याच्या आत ओल कोंडून बुरशी अधिकच वाढते.

लाकडाचे संरक्षण वेळीच केले, तर हलक्या जातीचे लाकूडही दीर्घकाळ सेवा देते. रबराच्या झाडाचे लाकूड उघड्यावर लवकर खराब होते. तरीही कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जिची स्थापना १९५७ साली झाली, परिरक्षक रसायने मुरविलेल्या त्या लाकडाच्या होड्या बनवून दाखविल्या आहेत. मग साग व फणस यांसारखे मूळचेच टिकाऊ लाकूड ज्यांच्या होडीस आहे, त्यांनी वर्षातून आठ-दहा दिवस तिच्या निगेस दिले असता ती पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडण्यास हरकत नाही.

थोडक्यात, प्रथम धुवावे, मग टोचून पाहावे, डागाची जात ओळखून तेवढाच उपाय करावा, आम्ल निःशेष धुवावे आणि लाकूड वाळल्याची खात्री झाल्यावाचून कुंचला तेलात बुडवू नये. या क्रमात जी पायरी गाळली जाईल, तिचा खर्च पुढील पावसाळ्यात दुप्पट होऊन अंगावर येतो. होडीत बसणारी माणसे तिच्या फळ्यांच्या भरवशावर पाण्यात जातात, हे ध्यानी घेऊन प्रत्येक काळ्या डागाची वेळीच परीक्षा करावी.